परदेशातील आपल्या माणसांकडे राहायला जाताना: सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने तयारी

परदेशात स्थायिक झालेला मुलगा, बहीण किंवा शाळेपासूनची मैत्रीण “या की एकदा इकडे” असे म्हणते, तेव्हा आपण सर्वांत आधी विमानाच्या तिकिटाचा भाव विचारतो. माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. पहिला प्रश्न मुक्कामाचा आहे. मी आतापर्यंत दोनदा न्यू जर्सीला अक्काकडे, त्यांपैकी पहिल्या वेळी आईला सोबत घेऊन, आणि एकदा जर्मनीतील मैत्रिणीकडे जाऊन आले आहे. कागदपत्रांचा त्रास परतल्यावर आठवडाभरात विसरला गेला. चुकलेल्या मुक्कामाचा अवघडलेपणा मात्र पुढे वर्षभर फोनवरच्या बोलण्यातही जाणवत राहिला.

पहिली पायरी: किती दिवस आणि कोणत्या दिवसांत

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाला विमानतळावर साधारणपणे सहा महिने राहण्याची परवानगी मिळते, आणि तिकिटाला एवढे पैसे मोजलेच आहेत तर ते वसूल करावेत या हिशेबाने आपल्याकडील आईवडील पूर्ण सहा महिने राहायचे ठरवतात. बाळंतपण, आजारपण किंवा तशीच गरज असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मुलाकडे सहा ते आठ आठवडे आणि मित्रमैत्रिणींकडे आठ ते दहा दिवस पुरेसे असतात, असे माझे मत आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

सोलापूरचे ऊन चुकवण्यासाठी एप्रिलच्या मध्यालाच निघण्याची आपली सवय असते. त्या वेळी अमेरिकेत नातवंडांची शाळा चालू असते, मुलगा आणि सून कामावर असतात, आणि आपण दिवसभर बंद खिडकीतून रिकामा रस्ता पाहत बसतो. तिकडील शाळांना मोठी सुट्टी जूनपासून लागते. म्हणून यजमानांना आधी त्यांच्या रजेच्या तारखा विचाराव्यात आणि आपला मुक्काम त्या तारखांभोवती बसवावा. डिसेंबर आणि जानेवारी शक्यतो टाळावेत. गड्ड्याच्या यात्रेत एका स्वेटरवर भागवणाऱ्या माणसाला उत्तर अमेरिकेतील किंवा युरोपातील हिवाळा आणि दुपारी साडेचारलाच पडणारा अंधार फार जड जातो.

दुसरी पायरी: पासपोर्ट आणि नावांचा मेळ

पासपोर्टसाठी आता पुण्याला जावे लागत नाही. ऑनलाइन अर्ज करून आणि वेळ ठरवून सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयातील केंद्रात काम होते. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये असून तो दहा वर्षे चालतो. आधीच पासपोर्ट असेल तर त्याची मुदत पाहावी, कारण प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अनेक देशांची अट असते.

खरी अडचण जुन्या पिढीच्या कागदपत्रांत निघते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली 1 जून ही जन्मतारीख दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरीच, माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, वडिलांचे किंवा पतीचे नाव कुठे मध्ये तर कुठे गायब, हे आपल्याकडे घरोघरी आढळते. व्हिसाचा अर्ज भरण्याआधी हा घोळ निस्तरावा आणि पुढील प्रत्येक कागदावर, तिकिटासह, पासपोर्टवर आहे तसेच नाव अक्षर न अक्षर लिहावे. आमच्या पहिल्या प्रवासात एजंटाने आईचे आडनाव आणि नाव यांची अदलाबदल केली होती आणि ते आमच्या लक्षात आले निघण्याच्या आठ दिवस आधी. दुरुस्ती झाली, पण तिच्यासाठी वेगळे पैसे भरावे लागले.

तिसरी पायरी: व्हिसा

येथे देशागणिक नियम बदलतात. त्यामुळे शेजाऱ्यांचा अनुभव ऐकावा, मात्र अर्ज त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरील सूचना वाचूनच भरावा.

अमेरिकेसाठी डीएस-160 हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि पर्यटक व्हिसाच्या अर्जाचे शुल्क 185 डॉलर आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. मुलाखतीची तारीख मिळण्यास काही महिने लागू शकतात, म्हणून ही तयारी सर्वांत आधी सुरू करावी. मुंबईत बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची एक फेरी आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीची दुसरी फेरी होत असल्याने दोन दिवसांचा मुक्काम धरून चालावे. फोटो दोन इंच बाय दोन इंचाचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि चष्मा काढून काढलेला असावा.

मुलाखतीची धास्ती अनाठायी असते. इंग्रजी अडत असेल तर मुंबईत मराठीतून बोलता येते. अधिकाऱ्याला मुख्यतः एवढेच पाहायचे असते की हा माणूस भेटून परत येणार आहे की नाही. सोलापुरात आपले घर, शेती, दुकान, निवृत्तिवेतन किंवा बाकीचे कुटुंब आहे, हे विचारल्यावर सरळ सांगावे. कोणाकडे, कशासाठी आणि किती दिवस जाणार, याचे उत्तर अर्जात लिहिले आहे तेच आणि दोन वाक्यांत द्यावे. कागदांची जाड फाईल सोबत असावी, पण मागितल्याशिवाय उघडू नये. एक गैरसमज येथेच दूर करणे बरे: दहा वर्षांचा व्हिसा याचा अर्थ त्या दहा वर्षांत जाता येते असा आहे. एका खेपेला किती दिवस राहायचे ते तेथील विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख ओलांडल्यास पुढच्या सर्व भेटी धोक्यात येतात.

युरोपातील शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, हिशेब निराळा आहे. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जर्मनीत यजमान आपला खर्च उचलणार असेल तर त्याला तेथील सरकारी कार्यालयात जाऊन हमीपत्र करून द्यावे लागते. माझ्या मैत्रिणीला त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा पडली, याची मला बरीच उशिरा कल्पना आली. कॅनडात मुलगा किंवा मुलगी तेथील नागरिक अथवा कायमची रहिवासी असेल तर आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आवश्यक असतो.

चौथी पायरी: तिकीट आणि विमा

मुंबईइतकाच हैदराबादचाही विचार करावा. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि पूर्वभागातील ज्या कुटुंबांचे नातेवाईक तेलंगणात आहेत त्यांची रात्रीच्या मुक्कामाचीही सोय होते. मुंबईहून जायचे असल्यास रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस किंवा सकाळची वंदे भारत सोयीची आहे. मोठ्या बॅगा घेऊन सीएसएमटीपर्यंत न जाता दादरला उतरून टॅक्सी करावी. विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशीच मुंबई किंवा हैदराबाद गाठावे, कारण गाडी दौंडजवळ तीन तास खोळंबली म्हणून विमान थांबत नाही.

साठी ओलांडलेल्यांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी. त्यासाठी वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. “मला काय झालंय? मी रोज सिद्धेश्वर तलावाला फेरी मारते,” असे आई म्हणाली होती. प्रश्न पायांचा नव्हताच. भल्या मोठ्या विमानतळावर पुढचे विमान कोणत्या दारातून सुटते हे शोधण्याचा, इंग्रजी फलक वाचण्याचा आणि रांगांचा होता, आणि तो सोबतच्या कर्मचाऱ्याने परस्पर सोडवला.

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे जुने आजार लपवू नयेत आणि त्यांच्यावरील उपचारांना पॉलिसीत किती संरक्षण आहे ते बारीक अक्षरांत वाचावे. अमेरिकेतील इस्पितळाचे बिल आपल्या कल्पनेपलीकडचे असते.

पाचवी पायरी: बॅग भरणे

या पायरीवर प्रत्येक सोलापूरकर घरात वाद होतो. शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, काळा मसाला आणि निदान एक चादर एवढे नेल्याशिवाय आपल्याला आपल्या माणसाकडे गेल्यासारखे वाटत नाही. न्यावे, पण तिकिटावर लिहिलेले वजन पाहून न्यावे. एक चादर बॅगेचा केवढा भाग खाते हे भरताना कळते.

सुकी चटणी आणि मसाले मोठ्या बॅगेत, हवाबंद पाकिटात आणि वर इंग्रजीत नाव लिहून ठेवावेत. अमेरिकेला जाताना हातातील बॅगेत 350 मिलिलीटरपेक्षा जास्त भुकटी असेल तर तपासणीत अडकते. ताजा कढीपत्ता, डाळिंबे किंवा कोणतेही ताजे फळ नेऊ नये. मालदांडी ज्वारीचे दाणे न नेता पीठ न्यावे. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून जर्मनीसाठी पेढे आणि घरचे तूप विसरावे. दुबई किंवा सिंगापूरला जाताना मसाल्याच्या डब्यात खसखस राहिलेली नाही ना, हे आवर्जून पाहावे, कारण तेथे तिच्यावर बंदी आहे. पॉवर बँक मात्र नेहमी हातातील बॅगेतच ठेवावी.

तेथे उतरल्यावर खाद्यपदार्थ आहेत का असे विचारले तर “हो” म्हणावे. दंड पदार्थ आणल्यापेक्षा तो लपवल्याबद्दल होतो. अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्याने आमची बॅग उघडली, कडक भाकरीची चवड बाहेर काढली आणि वरच्या भाकरीवर बोटाने टकटक केले. पापडासारखा आवाज आला. “ब्रेड?” त्याने विचारले. आईने मान डोलावली आणि ज्वारी, पाणी, मीठ असे बोटांवर मोजून मराठीत सांगितले. मी भाषांतर करीपर्यंत त्याने बॅग बंदही केली होती.

औषधे संपूर्ण मुक्कामाची, मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातील बॅगेत असावीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. यजमानाचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर लिहून तोही तेथेच ठेवावा.

सहावी पायरी: मागचे घर

बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात तो चालू ठेवून त्याचे रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याची सोय बँकेत आधी विचारून ठेवावी. सिलिंडर बंद, किल्ली शेजारी, तुळशीच्या पाण्याची व्यवस्था, आणि नळाची मुख्य तोटी घट्ट बंद. कारण पाणी चार-पाच दिवसांनी आणि तेही अवेळी येते, आणि उघड्या राहिलेल्या नळाने खालच्या मजल्यावरील लोकांशी कायमचे बिनसते.

सातवी पायरी: तेथे राहताना

लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी उठून चालावे, पाणी पीत राहावे आणि पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते. झोपेची घडी बसायला आठवडा जातो. पहिल्या चार दिवसांत कोणताही दौरा ठरवू नये.

त्यानंतरचे काम अधिक नाजूक आहे. त्या घरात सर्व कामे घरचीच माणसे करतात, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. भांड्यांचे यंत्र कसे लावायचे, कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, फोडणीच्या धुराने भोंगा वाजू नये म्हणून काय करायचे, हे विचारून घ्यावे आणि एखादे काम कायमचे आपल्याकडे घ्यावे. अक्काच्या घरी आईने सकाळच्या भाकरीचे काम घेतले. पण ती रोज रात्री स्वयंपाकघरातील सर्व पातेलीही भरून ठेवत असे. तिसऱ्या दिवशी भाचीने विचारले, “आजी, उद्या पाणी येणार नाही का?” तेव्हा कुठे आईच्या लक्षात आले.

मुलांच्या संसारातील खर्च, स्वयंपाक आणि नातवंडांचे वळण यांवर न विचारता बोलू नये. बोलण्यासारखे खूप दिसेल. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस त्यांना पूर्ण मोकळा द्यावा आणि आपण जवळचे ग्रंथालय, बाग किंवा मराठी मंडळाचा कार्यक्रम गाठावा. मैत्रिणीकडे राहताना किराणा आपल्या पैशाने एकदा तरी भरावा; त्यासाठी थोडे रोख परकीय चलन आणि बाकी पैशांसाठी फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरून नेण्याचे कार्ड) जवळ असावे.

आठवी पायरी: परतताना

निघण्याच्या दोन दिवस आधी बॅगेचे वजन करावे, कारण यजमानही आपल्यासारखेच हातात काहीतरी कोंबत असतात. मुंबईला उतरल्यावर त्याच रात्रीची गाडी पकडण्याची घाई करू नये. विमान उशिरा आले तर आरक्षण वाया जाते. सोलापुरात पोहोचल्यावर पासपोर्ट, परतीचे बोर्डिंग पास आणि विम्याचे कागद एका पाकिटात ठेवावेत, पुढील अर्जात मागील प्रवासाच्या तारखा लिहाव्या लागतात. शेजाऱ्यांसाठी आणलेली चॉकलेटे किल्ली घ्यायला जातानाच न्यावीत, मे महिन्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ती वितळलेली असतात.