नळ पाणी ओढतो तेव्हा: सोसायटीतल्या या चुका टाळा

आमच्याकडे गिरगावात पहाटे पाणी येतं, दोन तासांत जातं. गेल्या पावसाळ्यात पाणी जायच्या वेळी तळमजल्याच्या नळाला मी सहज तळहात लावला, तर तो चक्क चिकटला. नळ चोखत होता. याच नळाला वॉचमन पाइप लावून गाड्या धुतो आणि काम झालं की पाइपाचं टोक गटाराच्या जाळीवर टाकून देतो. आठवडाभर दोन घरांत जुलाब का चालले होते, याचा संशय तेव्हा आला. तोवर आम्ही दूधवाल्याला शिव्या देत होतो.

मुंबईचं पाणी भांडुपला किंवा पांजरापूरला शुद्ध होऊन निघतं, त्यात क्लोरीन असतं. पण आपल्याकडे ते चोवीस तास नसतं. लाइनमध्ये दाब असेपर्यंत फुटक्या जॉइंटमधून पाणी बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला, पाइप रिकामा होऊ लागला की त्याच फटीतून बाहेरचं आत येतं. उघड्या नळाला बुडता पाइप जोडलेला असेल तर तिथूनही येतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच पहिल्या हंड्यात.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे पालिकेच्या लाइनला थेट पंप जोडणं. ‘आमच्याकडे दाबच नाही’ हे कारण खरं असतं, पण पंप लाइनमधलं पाणी ओढतो आणि पाणी कमी पडलं की शेजारच्या इमारतीतलं जे हाती लागेल तेही. हे बेकायदा आहेच. पंप खालच्या टाकीतूनच चालवा.

दुसरी चूक प्लंबरच्या चांगुलपणातून होते. टाकीत पाणी पडताना आवाज येतो, कोणीतरी तक्रार करतं, मग तो बॉल कॉकला, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाला, हातभर पाइप जोडून तोंड पाण्याखाली नेतो. आवाज बंद. पण आता टाकी आणि पालिकेची लाइन यांत हवाच उरली नाही. लाइनने ओढलं की टाकी उलटी रिकामी होणार. पाणी पडण्याचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी वर हवं, म्हणजे 25 मिमीच्या पाइपाला 50 मिमी. साधारण तीन बोटं. यावर ‘एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवलाय ना’ असं उत्तर मिळतं. असू दे, पण त्यात बारीक खडा अडकला की झडप नीट बसत नाही, आणि तो उघडून बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हवेत काही अडकत नाही.

बोअरवेलची लाइन आणि पिण्याची लाइन एका व्हॉल्व्हने जोडलेली असेल तर व्हॉल्व्ह ‘बंद आहे’ यावर विसंबू नका. बोअरचा पंप जोरात असतो. झिजलेल्या व्हॉल्व्हमधून तो बोअरचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये ढकलतो. मधला तुकडा कापून दोन्ही टोकं बंद करा. फ्लशला वेगळी टाकी, वेगळ्या रंगाचा पाइप. घरातही बादलीत बुडालेला पाइप आणि कमोडमध्ये लोंबणारा जेट स्प्रे नको.

अमेरिकेत 1969 साली होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघाला कावीळ झाली, 90च्या आसपास जणांना लागण झाली. जवळच आग लागली होती, बंबांनी पाणी खेचलं, लाइनचा दाब पडला आणि सराव मैदानावर जमिनीत बसवलेल्या नळांभोवती साचलेलं घाण पाणी आत गेलं. तेच खेळाडूंनी प्यायलं. संघाचा हंगाम दोन सामन्यांनंतर रद्द झाला.

वास आला तर आधी वेळ बघा. फक्त पाणी येतानाची पहिली काही मिनिटं असेल तर संशय बाहेरच्या लाइनवर. दिवसभर असेल तर टाकी तपासा: झाकण, ओव्हरफ्लोची जाळी, पावसात चौकात साचलेलं पाणी. एकाच घरात असेल तर दोष त्या घरातच. क्लोरीन तपासायचा साधा संच मिळतो. क्लोरीन असेल तर थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. आधी लाइनचं, मग टाकीचं पाणी तपासा. लाइनचं पिवळं आणि टाकीचं पांढरंच राहिलं तर पालिकेशी भांडू नका, टाकी उघडा. दोन्ही पांढरी राहिली तर पालिकेच्या 1916ला फोन आणि वॉर्डातल्या जलकामे विभागात लेखी तक्रार, दोन्ही. तोवर पंप बंद. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळा.

आम्ही वॉचमनचा पाइप काढून घेतला आणि टाकीतला तो हातभर तुकडा कापला. तळमजल्याच्या काकू म्हणतात, पहाटे पाणी पडल्याच्या आवाजाने झोप मोडते. प्लंबर दोनदा विचारून गेला, पाइप परत जोडू का. नको म्हटलं.