लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी : गेमिंग संगणकाची तयारी

बारावीचा निकाल लागल्यावर भाच्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील संगणक-बाजारातून सुटे भाग घेऊन गेमिंगसाठी संगणक जोडून घ्यायचे ठरवले आणि "मामा, यादी एकदा तपासून दे" म्हणत वही माझ्यापुढे ठेवली. त्याच्या यादीत पहिल्या ओळीवर ग्राफिक कार्ड (खेळातले चित्र तयार करणारा भाग) होते आणि शेवटच्या ओळीवर, "उरलेल्या पैशांत" असा शेरा मारून, एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, होता. १९९९ पासून घरचे आणि नातेवाइकांचे मिळून बरेच संगणक मी जोडले आहेत. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की यादी याच्या उलट क्रमाने लिहावी : जे दहा वर्षे घरात राहणार आहे ते आधी, आणि जे तीन-चार वर्षांत बदलायचे आहे ते त्यानंतर.

त्यामुळे पहिली नोंद घरातल्या भिंतीवरील सॉकेटची. मुंबईच्या जुन्या चाळींत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार पोहोचलेलीच नसते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. एसएमपीएसमध्ये विजेतील खरखर गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) बसवलेले असतात; अर्थिंग नसेल, तर त्यांच्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मूळ २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने एरवी नुसत्या झिणझिण्या येतात, पण त्याच पत्र्याला जोडलेल्या यूएसबी आणि मॉनिटरच्या केबलींना ते मानवत नाही. आमच्या पहिल्या संगणकाचे कॅबिनेट आईने ओल्या फडक्याने पुसायला घेतले आणि चटकन हात मागे घेतला, तो क्षण मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते एक-दोन व्होल्टपेक्षा बरेच अधिक निघाले, तर मीटरपासून नवी अर्थिंगची तार ओढून घ्यावी आणि मगच पुढची खरेदी करावी.

दुसरी नोंद एसएमपीएसची, आणि येथे घाई करू नये. १९९९ साली कॅबिनेटबरोबरच एसएमपीएस येत असे, त्यावर आकडा मोठा छापलेला असे आणि तो डबा हाताला रिकाम्या टिनासारखा हलका लागे. आता आधी गरजेची बेरीज करावी. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर पूर्ण ताणाखाली सुमारे ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ५०६० टीआय हे ग्राफिक कार्ड १८० वॅटपर्यंत जाते, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना पन्नासेक वॅट धरले तर एकूण ३२० वॅट होतात. कार्डाची मागणी क्षणभरासाठी एकदम उसळते, आणि पुढे मोठे कार्ड घ्यायचे झाले तर वाव हवा, म्हणून ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस घ्यावा. खोक्यावरील ८० प्लस गोल्ड हे चिन्ह फक्त कार्यक्षमता सांगते. आतील कपॅसिटर कसे आहेत हे त्यावरून कळत नाही, त्यामुळे उघडून तपासलेली परीक्षणे वाचावीत आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहावे. कपॅसिटरचे महत्त्व मला २००४ मध्ये कळले. संगणक तीन-तीनदा बटण दाबल्याशिवाय सुरू होईना, म्हणून कॅबिनेट उघडले, तर प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरची सपाट डोकी फुगून वर आली होती आणि दोघांतिघांच्या टोकाशी वाळलेल्या चिकासारखा तपकिरी थर साचला होता. त्या काळात सदोष द्रावण भरलेल्या कपॅसिटरमुळे अनेक कंपन्यांचे बोर्ड असे निकामी झाले.

यूपीएस घेताना खोक्यावरील व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि प्रत्यक्ष मिळणारे वॅट यांत गल्लत होऊ देऊ नये. सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि खेळ चालू असताना मॉनिटरसह आपला संगणक तेवढ्याला भिडतो. वीज गेली की असा यूपीएस आवाज करून तत्काळ बंद पडतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्यावा.

यानंतर मॉनिटर, कारण ग्राफिक कार्ड कोणते घ्यायचे ते मॉनिटर ठरवतो. १०८०पीच्या (१९२० × १०८०) पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात आणि १४४०पीच्या (२५६० × १४४०) पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी कार्डाला पावणेदोन पटींहून अधिक काम करावे लागते. भाच्याचे टेबल लहान आहे, पण तो अभ्यासही त्याच पडद्यावर करणार असल्याने मी २७ इंची १४४०पी आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग नीट दिसणाऱ्या पडद्याचा) मॉनिटर सुचवला आहे. पहिला पंधरा इंची सीआरटी, म्हणजे जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा मॉनिटर, मी काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ग्रँट रोडहून कुर्ल्यापर्यंत मांडीवर घेऊन आलो होतो, आणि तो पुढच्या दोन संगणकांना पुरला. मॉनिटर इतका टिकतो, म्हणून त्यावर चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

ग्राफिक कार्डाच्या नोंदीत केवळ नाव लिहून भागत नाही. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी मेमरीच्या अशा दोन रूपांत मिळतात, आणि खोक्यावरील मोठ्या अक्षरांतील नाव सारखेच असते. १४४०पीवर नवे खेळ खेळायचे असतील तर १६ जीबीच लिहावे, आणि तो आकडा अधोरेखित करावा. २००३ साली मी असेच एक कार्ड एमबीचा आकडा पाहून आणले. घरी आल्यावर कळले की त्याच नावाच्या दुसऱ्या कार्डात मेमरीचा मार्ग १२८ बिटांचा होता आणि माझ्या कार्डात ६४ बिटांचा. दोन वर्षे मी त्यावर खेळलो, पण प्रत्येक खेळात सावल्या बंद ठेवून. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये टिपून घ्यावी आणि कॅबिनेटमध्ये तेवढी जागा असल्याची खात्री करावी.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्र निवडावेत, आणि निवडताना सॉकेटचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या प्रकाराचे, उरलेले आयुष्य पाहावे. हे सांगताना माझा २०१७ चा संगणक आठवतो. त्यात एएम४ सॉकेटच्या बोर्डावर एएमडीचा रायझन ५ १६०० बसवला होता. २०२२ मध्ये बोर्ड तोच ठेवून, बायॉस (बोर्डावरील मूळ प्रणाली) अद्ययावत करून, रायझन ५ ५६०० बसवला आणि चारच स्क्रू काढून लावल्यावर जणू नवा संगणक हाती आला. त्याआधी २०११ मध्ये घेतलेला इंटेलचा आय५ २५००के उत्तम होता, पण तो बदलायची वेळ आली तेव्हा बोर्ड आणि रॅमही बदलावी लागली. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, त्यामुळे बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा बोर्ड घ्यावा. बोर्डावर बायॉस फ्लॅशबॅकचे बटण असावे, कारण बोर्ड दुकानात बराच काळ पडून राहिलेला असेल तर त्याचे जुने बायॉस नवा प्रोसेसर ओळखत नाही, आणि या बटणाने प्रोसेसर न बसवताही ते बदलता येते.

रॅम ३२ जीबी, म्हणजे १६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर५ ६००० (डीडीआर५ हा प्रकार, ६००० हा वेग); चार स्टिक लावू नयेत, वेग उतरतो. माझ्या पहिल्या संगणकात ६४ एमबी होती, आणि ३२ जीबी म्हणजे तिच्या ५१२ पट. साठवणीसाठी एसएसडी एक टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) पुरेल, मात्र बोर्डावर अशा एसएसडीसाठी दुसरा एम.२ स्लॉट मोकळा असावा, कारण एकेक खेळ आता शंभर जीबीच्या पुढे जातो.

कॅबिनेट निवडताना मुंबईची हवा लक्षात ठेवावी. परदेशी परीक्षणांतील तापमाने बहुधा २१ ते २३ अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. मे महिन्यात आपल्या बिनएसीच्या खोलीत ३३-३४ अंश असतात, आणि खोलीचा पारा जितका वर तितकाच प्रोसेसरचाही वर, म्हणून त्या आकड्यांत सरळ दहा अंश मिळवून वाचावे. पुढची बाजू जाळीची, आत हवा खेचणारे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक आणि काढून धुता येतील असे धूळगाळे, एवढे असले की दिव्यांच्या काचेवर खर्च करण्याचे कारण नाही. पाण्याच्या कूलरपेक्षा मी साधा हवेचा कूलर निवडतो, कारण त्यात बिघडण्यासारखा फक्त एक पंखा असतो आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. कॅबिनेट जमिनीवर ठेवायचे नाही, ही सूचनाही यादीतच लिहिली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावर राहत होतो. कपॅसिटर बदलून नुकता धडधाकट केलेला तो संगणक टेबलाखाली होता. पाणी ओसरल्यावर कॅबिनेट तिरके केले, तर पंख्याच्या जाळीतून गाळ बाहेर आला. मॉनिटर टेबलावर होता म्हणून वाचला.

खरेदीच्या दिवसाची तयारी वेगळी करावी. भडकमकर मार्ग असे अधिकृत नाव असलेल्या लॅमिंग्टन रोडवरील बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, तेव्हा आठवड्यातला दिवस धरावा, सकाळी लवकर पोहोचावे, निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्यावे आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्यावा. एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच झाकण उचलून, मोबाईलच्या उजेडात तिरके पाहून, एखादी पिन वाकलेली नाही ना हे तपासावे. सगळ्या सरळ असतील तर सोनेरी ठिपक्यांच्या रांगा एकसारख्या चमकतात आणि वाकलेली एकटी पिन लगेच वेगळी दिसते.

जोडणीच्या आदल्या रात्री चुंबकीय टोकाचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, स्क्रूंसाठी दोन वाट्या, टॉर्च आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) टेबलावर मांडून ठेवावी. पेनड्राइव्हवर विंडोज ११ उतरवून घ्यावे आणि त्यातच बोर्डाचा लॅन व वायफायचा ड्रायव्हर (ते भाग विंडोजमध्ये चालवणारे सॉफ्टवेअर) ठेवावा. विंडोज बसवताना ते इंटरनेट मागते, आणि ड्रायव्हर नसला की तेथेच अडून बसावे लागते. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावावी. कूलरच्या तळावरील प्लास्टिकची पातळ फिल्म काढल्याची खात्री दोघांनी करावी. पहिल्यांदा सुरू केल्यावर डीडीआर५ रॅमची जुळणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळाच राहतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नये. चित्र दिसले की बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू करावे, अन्यथा ६००० ची रॅम कमी वेगानेच चालत राहते.

शेवटची नोंद खोक्यांची. वॉरंटीत वस्तू परत पाठवताना मूळ खोके हाताशी असलेले बरे, म्हणून एकही टाकू नये. बहिणीच्या घरी माळा नाही, तेव्हा ती खोकी आमच्या माळ्यावर राहतील. २०११ च्या बोर्डाचे खोके खाली काढून मी जागा करून ठेवली आहे.