जुन्या एचपी-१५सीवर विहिरीच्या पाण्याचा अंदाज

लातूर-बीडकडं पावसाळा सरला की विहिरीचं पाणी किती वेगानं उतरतंय, हे १९८२ च्या एचपी-१५सी या कॅल्क्युलेटरवर, मापांतून सरळ रेघ बसवून काढता येतं. आधी एफ आणि सिग्मा ही बटणं दाबून जुन्या बेरजा पुसा. २ ते ७ या रजिस्टरांत (आकडे साठवायच्या कप्प्यांत) तुमच्या प्रोग्रामचं काही असेल, तर तेही जातं. आधी हलवून ठेवा.

आकडे भरताना वाय आधी: जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली (वाय), एंटर, मग महिना (एक्स), सिग्मा-प्लस. हा क्रम उलटा झाला तर सगळं उत्तरच वेगळं येतं. चुकलेली जोडी पुन्हा तशीच टाकून जी, सिग्मा-मायनसनं काढा.

समजा ऑक्टोबर ०, नोव्हेंबर १ असं धरून जानेवारीपर्यंत खोली ६.०, ६.८, ७.९, ८.७ मीटर. एफ आणि एल.आर. (रेघ बसवायचं बटण) दाबल्यावर पडद्यावर ५.९७ येतो, तो छेद, म्हणजे महिना ० ला रेघेवरची खोली. एक्स-वाय अदलाबदल केली की ०.९२, हा रेघेचा उतार, म्हणजे महिन्याला ९२ सेंटिमीटर. मार्चसाठी ५, मग एफ आणि ‘वाय-हॅट, आर’: अंदाजे खोली १०.५७ मीटर. पुन्हा अदलाबदल केली की आर, म्हणजे मापं रेघेला किती जुळतात ते (१ म्हणजे पूर्ण जुळतात), सुमारे ०.९९८.

आर एवढा चांगला असला तरी ही रेघ मेपर्यंत ओढू नका. हरभऱ्याचं पाणी थांबलं किंवा उसाला मोटर जास्त चालली, की उतार बदलतो. नवं माप आलं की लगेच भरा.