कॅन्सर असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा एकच पाय सुजला, तर या चुका टाळा

आईची डाव्या पायातली चप्पल बसेना, तेव्हा मी आधी काय केलं असेल, तर तिळाचं तेल कोमट केलं. जठराच्या कॅन्सरची तिसरी केमो होऊन आठवडा झाला होता. खानापुरात झड लागलेली, त्यामुळे ती दिवसभर खाटेवरच. ‘वातानं भरलाय पाय,’ असं शेजारच्या काकी म्हणाल्या, मलाही पटलं आणि मी पोटरी चांगली रगडली. दुसऱ्या दिवशी बेळगावात डॉप्लर (शिरांमधला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केलं, तर मांडीपर्यंतच्या शिरेत रक्ताची गुठळी! चोळताना ती सुटून फुफ्फुसात गेली असती, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

म्हणून सूज का आली हे कळेपर्यंत चोळू नका, शेकू नका. कॅन्सरमध्ये रक्त गोठण्याकडे जास्त झुकतं. गुठळीचा धोका इतरांच्या चार ते सात पट असतो. ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६५ मध्येच हे नातं सांगितलं होतं. स्वादुपिंड, जठर, फुफ्फुस आणि मेंदूच्या कॅन्सरमध्ये धोका अधिक. त्यात वय, केमो, ऑपरेशन आणि पडून राहणं यांची भर.

दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा वेगळं असतं, तरी डॉक्टरांना दाखवाच. एकच पाय सुजला, गरम किंवा लाल झाला, पोटरी ठणकली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सें.मी. खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सें.मी.हून जास्त फरक ही मोठी खूण. फरक कमी भरला म्हणून मात्र गप्प बसू नका. हातात केमोची लाईन (औषधासाठी शिरेत ठेवलेली नळी) असेल तर तो हातही सुजलाय का बघत जा.

अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडलं किंवा घेरी आली, तर ‘केमोचा थकवा असेल’ म्हणत सकाळच्या बसची वाट बघू नका. गुठळी फुफ्फुसात गेली असू शकते, लगेच १०८ लावा.

औषध सुरू झालं की पुढची चूक होते. पंधरा दिवसांत सूज उतरते आणि घरचे रक्त पातळ करायचं औषध बंद करतात. ते साधारण तीन ते सहा महिने, कॅन्सर चालू असेल तर त्याहून जास्त घ्यावं लागतं. पोटात टोचायचं इंजेक्शन असेल तर नंतर जागा चोळू नका. ‘अ‍ॅस्पिरिन आहेच की’ हेही चालत नाही, ते याची जागा घेत नाही. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो. काळी शी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर वरून बरं दिसलं तरी दवाखान्यात न्या. म्हाताऱ्या माणसाची किडनी, वजन आणि प्लेटलेट बघून डोस ठरतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी देऊ नका.

आपल्याकडे केमो मुंबईला किंवा कोल्हापूरला, आणि ताप आला की गावातला डॉक्टर. दात काढायचा असला तर तिसराच. रक्त पातळ करायचं औषध चालू आहे हे प्रत्येकाला आधी सांगा. आईच्या बटव्यात आधार कार्डाला लावून मी एक चिठ्ठी ठेवली आहे: गोळीचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख.