जुना तानपुरा मागवताय? आधी पावती लिहून घ्या

मिरजेच्या एका निवृत्त संगीतशिक्षकांचा तानपुरा मी 2024 मध्ये इकडे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूला आणला. वाद्य अप्रतिम आहे. कागदपत्रांचा मात्र मी पार विचका केला. परवा मंडळातल्या एका ताईंनी विचारलं, ‘मलाही असाच एक हवाय, काय काय तयारी करू?’ म्हणून हे लिहायला घेतलंय.

पावती. सगळ्यात आधी पावती. दुकानातून घेतलं की बिल आपसूक मिळतं. घरातून घेतलं की चहा मिळतो, पोहे मिळतात, बिल मिळत नाही. माझ्या भावाने त्या शिक्षककाकांना रोख पासष्ट हजार दिले, काकांनी ते मोजलेसुद्धा नाहीत. ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्याकडे पावती कशी मागायची, म्हणून तो गप्प बसला. मग पाठवताना त्याने विमा काढला एक लाख चाळीस हजारांचा, तानपुऱ्याचा खालचा भोपळा फुटलाच तर नवा तानपुरा घेता यावा म्हणून. झालं! पूर्ण व्यवहारात आकडा असलेला कागद तेवढा एकच. पासष्ट हजार म्हणजे तेव्हाचे सातशे ऐंशीच्या आसपास डॉलर, आणि आठशेच्या आतल्या पार्सलला त्या वेळी ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, नव्हती. पण किंमत म्हणून विम्याचाच आकडा धरला गेला आणि मी सोळाशेच्या पुढे गेले. ड्यूटी भरली, आणि राज्याचा करही त्याच फुगलेल्या आकड्यावर भरला.

तर पावतीवर काय हवं: विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, वस्तू, ‘वापरलेली’ हा शब्द, रक्कम, तारीख, सही. मराठीत चालेल, खाली इंग्रजीत दोन ओळी असू द्या. पैसे बँकेतून द्या. तरीही पावती घ्याच.

आता कर कशाचा, तर यूज टॅक्स. वॉशिंग्टन राज्यात आपण सेल्स टॅक्स न भरता घेतलेली वस्तू इथे वापरली की तो लागतो. वस्तू जुनी असो, विकणारा व्यापारी नसून घरगुती माणूस असो, परदेशातला असो, फरक पडत नाही. राज्याचा दर साडेसहा टक्के, त्यावर तुमच्या गावाचा भाग; आमच्याकडे मिळून दहाच्या वर जातो. कॅलिफोर्नियातली वहिनी सांगेल, ‘आम्ही नाही बाई भरला.’ तिच्या राज्यात घरगुती, कधीमधीच्या विक्रीला सहसा सूट असते. तिचं ऐकून इथे वागू नका. पोर्टलंडच्या मित्राच्या पत्त्यावर मागवायची युक्तीही नको. ऑरेगनात सेल्स टॅक्स नाही हे खरं, पण वाद्य वाजणार तुमच्या घरात. ‘भेट म्हणून दाखवू’ हेही नको. देणाऱ्याने कर भरलेला नसेल तर तो भेट घेणाऱ्याकडे येतो.

आणखी एक मेख आहे. कर नुसत्या किमतीवर नाही. आयात करताना भरलेली ड्यूटीही त्या किमतीत मिळवतात. पार्सलांची आठशे डॉलरांची सवलत ऑगस्ट 2025 च्या अखेरीस गेली, त्यामुळे आता ड्यूटीची पावतीही जपा. आणि ड्यूटी ठरते कशावरून? किमतीवरून. किंमत कशावरून? बघा, आलो परत तिथेच.

वस्तू पसंत करताना वय विचारा. विकणारे कौतुकाने ‘आजोबांच्या वेळचा’ म्हणतात आणि आपणही खूश होतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेता येत नाहीत, 1972 चा कायदा आहे. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. मग तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) आणि दांडीवरची नक्षी नीट बघा, घोडीही (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उलटून बघा. हस्तिदंत किंवा सांबरशिंग निघालं तर विषय तिथेच संपला, ते देशाबाहेर काढता येत नाही. घोडी बदलून घेता येते. मिरजेत बदलून देणारे कारागीर आहेतच. पण जवारी, म्हणजे सूर गुंजावा म्हणून घोडीचा माथा घासून केलेली जुळणी, पुन्हा लावून, कानाने ऐकूनच ताब्यात घ्या. माझ्या तानपुऱ्याचा खर्जाचा सूर फोनवरून ऐकला होता तेव्हा छान वाटला, इथे आल्यावर बसका निघाला.

पॅकिंगचं फार सांगत नाही. तारा सैल, घोडी वेगळी गुंडाळलेली, भोपळ्याभोवती भरपूर गादी. खोकं लाकडी असेल तर लाकडावर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा ठसा हवा, नाहीतर बंदरावर अडकतं. विमा हवा तेवढ्याचा काढा, पण सोबत खरी पावती जोडा. हो, पावती.

पोचल्यावर उघडताना फोटो काढा. आपल्याकडे राज्याचा आयकर नाही, त्यामुळे एप्रिलच्या आयकराच्या फॉर्मवर यूज टॅक्सची ओळ शोधत बसू नका. महसूल खात्याचा ग्राहकांसाठी वेगळा फॉर्म आहे, ऑनलाइन भरता येतो. ज्या दिवशी पैसे दिले त्या दिवसाचा रुपया-डॉलरचा दर छापून ठेवा. घरगुती विक्रेत्याने जीएसटी घेतलेला नसतो, म्हणून वजा करायला काही नसतं. भरा, छापा, फाइलला लावा.

मागायला संकोच वाटत असेल तर पावतीचा मजकूर मी टाइप करून पाठवते. त्यांनी रक्कम लिहून सही तेवढी करायची, पोहे यायच्या आत.