पीकेयू आहे आणि गणपतीला गावी जायचंय, तर आधी काटा भरा

पीकेयू म्हणजे फिनाईलकीटोन्युरिया, जन्मजात आजार, यात प्रोटीनमधलं फिनाईलअ‍ॅलनीन शरीराला नीट मोडता येत नाही आणि ते रक्तात साठतं, म्हणून प्रोटीन मोजूनच खायचं. कपडे, चार्जर, तिकीट हे सांगत बसत नाही. पहिला काटा बॅगेत टाका, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, आणि त्याचे जादा सेल. मागच्या वर्षी तो पुण्यातच राहिला, गावी सगळे दिवस भात अंदाजाने घेतला आणि परत आल्यावर रक्तात फिनाईलअ‍ॅलनीन चांगलंच चढलेलं निघालं, त्याआधीच डोकं जड, चिडचिड, कामात लक्ष लागेना. दिवसाला ८ ग्रॅम प्रोटीनची मुभा असेल तर २५० ग्रॅम भातात ६ ग्रॅमच्या आसपास तिथेच संपतात, आणि काकू आग्रहाने वाढतात तो भात २५० ग्रॅम आहे हे नुसतं बघून कळत नाही हो. तुमचा प्रोटीनचा तक्ता कच्च्या तांदळाचा आहे की शिजलेल्या भाताचा तेही आधीच बघा, जवळपास तिपटीचा फरक पडतो.

फॉर्म्युला, म्हणजे प्रोटीनची गरज भागवणारी, फिनाईलअ‍ॅलनीन वगळलेली पावडर, दोन बॅगांत वाटून घ्या, एक हरवली तरी दुसरी आहे, दोनचार दिवसांचा जास्तच घ्या, गावात मिळत नाही. कोकणातल्या दमट हवेत पावडरचे गोळे होतात, डबा घट्ट लावा. दिवसाचा सगळा एकदम पिऊन मोकळं होऊ नका, तीनचार वेळा जेवणाबरोबर घ्या, नाहीतर शरीराला तो नीट वापरता येत नाही.

निघायच्या आधी घरी फोन करून जे स्वयंपाक करतात त्यांच्याशीच बोला. साबुदाण्यात प्रोटीन नावालाच असतं पण खिचडीत दाण्याचं कूट पडलं की गेलं सगळं, त्यामुळे आपली वेगळी काढायला सांगा. ऋषीच्या भाजीतून मका, वाल, शेंगदाणे बाजूला. उकडीचा मोदक चालतो, पण तांदळाची पिठी आणि खोबरं दोन्ही हिशोबात धरा, म्हणजे परत काटा. चहा कोरा. वरण नाहीच. "एवढ्याशाने काय होतंय" असं कोणीतरी म्हणणारच, तेव्हा भांडू नका, काटा पुढे करा.

औषधांचं पाकीट वाचा, खरंच वाचा. अ‍ॅस्पार्टेम म्हणजे कृत्रिम गोडी, पाकिटावर ९५१, पोटात गेल्यावर त्यातून फिनाईलअ‍ॅलनीनच सुटतं. डाएट कोल्ड्रिंक, शुगर फ्री च्युइंगगम हे माहीत असतं, पण चघळायच्या आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, शुगर फ्री इसबगोल यांतही ते असू शकतं. ताप आला तर उपाशी राहू नका, शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि लेव्हल चढते, फॉर्म्युला चालू ठेवा, डॉक्टरांना फोन करा. मूल हवं असेल तर गर्भ राहायच्या आधीपासून लेव्हल १२० ते ३६० मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये लागते, त्या बायकांनी सणातही सूट घेऊ नये.

डॉक्टरांचं पत्र, डाएटिशियनचा नंबर, लो प्रोटीन पीठ. काटा भरला का? सेल? परत आल्यावर सकाळी खाण्याआधी रक्ताचा थेंब कार्डावर, पूर्ण वाळू द्या, मग पाकिटात घालून लॅबला.