ताकायासूच्या रुग्णाच्या घरात या चुका टाळा

‘रक्तवाहिन्यांना सूज’ म्हटलं की लोक पिंढरीवरच्या फुगलेल्या शिरा दाखवतात. त्या व्हेरिकोज व्हेन्स. व्हॅस्क्युलायटिसमध्ये रोगप्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते, भिंत जाड होते आणि आतली वाट चिंचोळी होत जाते. माझ्या धाकट्या बहिणीला त्यातला ताकायासू आहे. तो महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांना धरतो, बहुतेक वेळा चाळिशीच्या आतल्या बायकांमध्ये. 1908 साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने त्याची नोंद केली.

सगळ्यात जास्त चीड येते ती एकाच हाताचं बीपी मोजण्याची. दोन वर्षं तिचं डोकं ठणकायचं. दवाखान्यात दर वेळी डाव्या हाताला पट्टा बांधायचे. 100/60. ‘बीपी छान आहे, नीट जेवत जा.’ चष्मा बदलला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंना डाव्या मनगटाला नाडीच लागेना. उजव्या हाताला मोजलं तर 190/110! डाव्या हाताची धमनी अरुंद झाल्यामुळे तिथला आकडा फसवा होता. सीटी अँजिओग्राफीत मूत्रपिंडाची धमनीही आवळलेली दिसली. बीपी चढत होतं ते त्यामुळे. आता आमच्याकडे कुणाचंही बीपी पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांना मोजते. वरच्या आकड्यात 10 पेक्षा जास्त फरक पुन्हापुन्हा आला तर डॉक्टरांना सांगते. तरुण मुलीच्या हाताला मशीन ‘एरर’ दाखवत असेल तर मशीनला नावं ठेवण्याआधी नाडी बघा.

दुसरी चूक आमचीच. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीने तिचा चेहरा गोल झाला, घरात लग्न होतं, तिने गोळी मनानेच बंद केली आणि आम्ही गप्प बसलो. काही दिवसांत उलट्या, प्रचंड थकवा, उठलं की चक्कर. थेट ॲडमिट. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणं कमी करतं, ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून डोस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच उतरवायचा. ‘आठवड्यात स्टेरॉइड सोडवतो’ म्हणणाऱ्याच्या दारात उभंसुद्धा राहू नका.

ईएसआर, सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) नॉर्मल आले म्हणून फॉलोअप चुकवू नका. रिपोर्ट चांगले असतानाही आत दाह चालू असू शकतो.

मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारी मेथोट्रेक्सेटची गोळी गर्भारपणात चालत नाही.

आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमचा वार बुधवार. पाकीट माझ्या कपाटात असतं आणि गोळी घेतली की ती कॅलेंडरवर स्वतः खूण करते.